किती बाय किती?

दुकानातल्या माणसाने आम्हाला एकच प्रश्न विचारला होता. "रूम किती बाय किती?"

"दहा बाय बारा," बाबा म्हणाले.

"मग दीड टन घ्या काका. एक टन घेतलात तर मे महिन्यात माझ्या नावाने शंख कराल."

आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. डोंबिवलीचा एप्रिल, अंथरुणाला खिळलेला ऐंशीचा माणूस आणि पाठीला घामोळं. घरात पहिल्यांदा एसी येणार होता तो त्यांच्यासाठी. 'कमी पडायला नको' या एका विचारापुढे कुणाचं काही चाललं नाही. दीड टन आला.

पंधरा मिनिटांत खोली गार व्हायची. मग बाहेरचं युनिट बंद पडायचं, थोड्या वेळाने चालू, परत बंद. आजोबा म्हणायचे, "गार आहे रे, पण बरं नाही वाटत. अंग चिकट लागतंय." आम्ही रिमोटवर २४चे २२ केले, २२चे २०. आता त्यांना हुडहुडी भरायची आणि चादर तरीही ओलसर लागायची. महिन्याभरात कपाटाच्या मागे हिरवट-काळी बुरशी दिसली. सर्व्हिसवाला आला, गॅस बघितला, फिल्टर धुतला आणि म्हणाला, "मशीन एकदम ओके आहे."

मशीन खरंच ओके होतं. घोळ त्या 'दीड'मध्ये होता. तो समजायला मला बरेच दिवस लागले, आणि सुरुवात करावी लागली ती 'टन' या शब्दापासून. भिंतीवर टांगलेल्या त्या डब्याचं वजन टनभर नसतं हे उघडच आहे. मग हा टन कशाचा?

बर्फाचा.

बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक व्यापारी होता. न्यू इंग्लंडमधली तळी हिवाळ्यात गोठतात, तो बर्फ कापायचा आणि गरम देशांत नेऊन विकायचा, असं त्याच्या डोक्यात होतं. १८०६ साली त्याने पहिलं जहाज कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पाठवलं. लोक हसले, पैसेही बुडाले. पण गडी चिवट. मे १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. सुवेझ कालवा तेव्हा नव्हता, त्यामुळे आफ्रिकेला वळसा, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं आणि चार महिने समुद्रात. सप्टेंबरमध्ये जहाज कलकत्त्याला लागलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता.

पुढच्याच वर्षी तो मुंबईतही आला. काळा घोड्याजवळ, आज जिथे के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे त्या जागी, त्याच्यासाठी घुमटाचं आइस हाउस बांधलं गेलं. जमशेदजी जिजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं, दुसऱ्या दिवशी यजमान आणि पाहुण्यांना सर्दी झाली आणि गावातल्या वर्तमानपत्राने 'बरी अद्दल घडली' असा सूर लावला, अशी गोष्ट सांगतात. मुंबईचं आइस हाउस गेलं. चेन्नईचं मात्र मरिना किनाऱ्यावर अजून उभं आहे; त्याला आता विवेकानंदार इल्लम म्हणतात.

मला या सगळ्यात आइस्क्रीमपेक्षा ते ८० टन जास्त महत्त्वाचे वाटतात, जे वाटेत वितळले. ट्यूडरचा सगळा धंदा एका प्रश्नावर उभा होता: बाहेरची उष्णता आत किती शिरेल? बर्फ एकसंध रचला की उघडा पृष्ठभाग कमी होतो, भोवती लाकडाचा भुसा दाबून भरला की उष्णता अडते, वितळलेलं पाणी लगेच काढून टाकलं की उरलेला बर्फ टिकतो, हे तो नुकसान सोसून सोसून शिकला. बर्फ अजून किती आणायचा, हा प्रश्न त्यानंतरचा. आधी उष्णता अडवायची, मग उरलेल्या उष्णतेपुरता बर्फ ठेवायचा. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे तो उलटा होणार आहे.

बर्फ वितळताना उष्णता पितो, आणि भरपूर पितो, हे ट्यूडरच्याही आधी, १७६०च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅकने दाखवून दिलं होतं. शून्य अंशावरचा किलोभर बर्फ नुसता वितळवून शून्य अंशाचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत किलोभर पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. पुढे थंडावा निर्माण करणारी यंत्रं आली तेव्हा गिऱ्हाईक साहजिकच विचारायचं, "याच्यामुळे माझा किती बर्फ वाचेल?" म्हणून मोजमापही बर्फाचंच ठरलं. एक अमेरिकन टन, म्हणजे २००० पौंड किंवा साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, ती एक टन क्षमता. विजेच्या भाषेत साडेतीन किलोवॉट. आमचं दीड टनाचं यंत्र म्हणजे खोलीत दिवसाला १३६० किलो बर्फ आणून वितळवण्याइतकी ताकद.

एका म्हाताऱ्या माणसाच्या दहा बाय बाराच्या खोलीत.

योगायोग म्हणजे, घरातली खोली यंत्राने थंड करण्याचा इतिहासातला पहिला मोठा प्रयत्नही एका आजारी माणसासाठीच झाला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गार्फिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, पण व्हाइट हाउसमध्ये अंथरुणावर पडून राहिले. वॉशिंग्टनचा उन्हाळा मुंबईच्या जवळपास जाणारा, दमट. नौदलाच्या इंजिनिअरांनी एक मोठी लोखंडी पेटी बनवली, तिच्यात कापडाचे पडदे टांगले, त्यांवर बर्फाचं पाणी सोडलं आणि पंख्याने त्यातून हवा ढकलून नळाने खोलीत नेली. कल्पना आपल्याला अगदी ओळखीची आहे: वाळ्याची ओली ताटी, फक्त पाण्याऐवजी बर्फ. खोलीचं तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश फॅरनहाइटने उतरलं.

पण बर्फ किती लागला? दोन महिन्यांत पाच लाख पौंडांच्या वर. मी भागाकार करून पाहिला. रोजचे चार टनांहून जास्त. आजच्या भाषेत, एका बेडरूमला चार टनांचा एसी, अखंड. थंड केलेली हवा गळतीतून निघून जायची, खिडक्या-दारं जुनी, आणि पेशंटला 'ताजी हवा' हवीच असा डॉक्टरांचा आग्रह. हिशेब आधी नव्हता, तो बर्फ संपेल तसा कळत गेला. राष्ट्राध्यक्षासाठी हे चालतं. गार्फिल्ड मात्र सप्टेंबरमध्ये गेले; गोळीपेक्षा जखमेत न धुतलेली बोटं घालणाऱ्या डॉक्टरांमुळे, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

आजोबांच्या 'गार आहे पण बरं नाही'चं उत्तर मला सापडलं ते यानंतर वीस वर्षांनी, ब्रुकलिनच्या एका छापखान्यात. सॅकेट-विल्हेल्म्स कंपनीत रंगीत छपाई चालायची. कागदावर एक रंग आज छापायचा, दुसरा उद्या. मधल्या वेळात हवेतली ओल बदलायची, कागद केसाएवढा फुगायचा किंवा आक्रसायचा, आणि दुसरा रंग पहिल्यावर बसायचा नाही. हे काम आलं विलिस कॅरियर या पंचविशीतल्या इंजिनिअरकडे. कॉलेजातून बाहेर पडून त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच्या आराखड्यावर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे.

कॅरियरला कुणी 'गार कर' म्हणून सांगितलंच नव्हतं. मागणी होती हवेतली आर्द्रता वर्षभर ५५ टक्के ठेवण्याची. म्हणून त्याने आधी हवामान खात्याचे तक्ते घेतले आणि हवेतून नेमकं किती पाणी काढायचं ते मोजलं. मग नळ्या किती थंड हव्यात, हवा किती वेगाने जावी, हे ठरवलं. या सगळ्याची बेरीज आली दिवसाला ५४ टन बर्फाएवढी. सगळ्यात शेवटी यंत्र. १९११ साली त्याने हवा, तापमान आणि ओल यांचं नातं सूत्रांत मांडणारा निबंध वाचला, आणि आजही जगातला प्रत्येक एसी इंजिनिअर त्या सूत्रांवरून निघालेला तक्ता वापरतो.

म्हणजे एसीची दोन कामं असतात. हवा गार करणं हे एक, आणि तिच्यातलं पाणी काढणं हे दुसरं. दुसरं काम दुकानात कुणी बोलून दाखवत नाही. आमच्या खोलीत दोन माणसं झोपायची, आजोबा आणि सोबतीला बाबा. दोन झोपलेली माणसं श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटर पाणी सहज हवेत सोडतात. फटींतून डोंबिवलीची खाडीकाठची दमट हवा येते ती वेगळी. हे पाणी एसीच्या आतल्या गार नळ्यांवर जमून बाहेर ठिबकायला हवं. पण नळ्या गार व्हायलाच थोडा वेळ लागतो, त्या ओल्या होऊन थेंब धरायला आणखी थोडा. मोठं यंत्र तोवर खोली गार करून मोकळं होतं. थर्मोस्टॅटला फक्त तापमान कळतं, ओल कळत नाही. तो म्हणतो झालं काम. कॉम्प्रेसर थांबतो, आतला पंखा फिरत राहतो, आणि नळ्यांवर जमलेलं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत परततं.

मी एका रात्री ठिबकणाऱ्या नळीखाली बादली ठेवली. सकाळी तळ जेमतेम ओला होता. दोनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं घड्याळ आणलं: तापमान २३, आर्द्रता ७६ टक्के. फ्रिजमध्ये ठेवलेल्या ओल्या टॉवेलसारखी हवा. आजोबा तक्रारखोर नव्हते, ते मोजमापच सांगत होते.

'मोठं घ्या'चा हा रोग फक्त आपला नाही, आणि फक्त थंडाव्याचाही नाही. जर्सी सिटीतल्या एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या मित्राने जानेवारीत फोटो पाठवला होता: बाहेर बर्फ पडतोय, खिडकी सताड उघडी, आणि हा बनियनवर. खोलीतला वाफेचा रेडिएटर त्याला बंद करता येत नव्हता. या मूर्खपणामागे एकेकाळी चांगलं कारण होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कोंडलेल्या हवेची धास्ती घेतली होती, आणि १९१८च्या फ्लूनंतर तर 'थंडीतही खिडक्या उघड्या ठेवा' हा आरोग्याचा नियमच झाला. म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी बॉयलर आणि रेडिएटर असे मोजून काढले की वर्षातल्या सगळ्यात थंड दिवशी, खिडक्या उघड्या असताना, खोली उबदार राहील. साथ ओसरली, खिडक्या बंद झाल्या, पुढे काचाही दुहेरी आल्या. रेडिएटर मात्र तेच. शंभर वर्षांपूर्वीच्या भीतीची उष्णता अजून त्या घरांत येते आहे.

घरासाठी एसीचं पहिलं उदाहरण म्हणून मिनियापोलिसच्या चार्ल्स गेट्सच्या हवेलीचं नाव घेतात. १९१४ साल, सात फूट उंच आणि वीस फूट लांब यंत्र. घर तयार होण्याआधीच मालक वारला, त्यामुळे ते यंत्र कधी चालू तरी झालं की नाही, याचीच शंका आहे. ते असो. सामान्य घरांचा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. तेव्हा अमेरिकेत ओळीने स्वस्त घरं उभी राहू लागली: व्हरांडा नाही, उंच छत नाही, समोरासमोर खिडक्या नाहीत. जी कामं घर स्वतः करायचं, ती यंत्रावर ढकलली गेली.

तरी तिथे एक गोष्ट शहाणपणाची झाली. १९५४ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात घरबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने २२ घरांची एक वसाहतच प्रयोगासाठी उभी केली. प्रत्येक घरात एसी, पण यंत्रं वेगवेगळी आणि घरांची रचनाही वेगवेगळी. छपराचे पुढे आलेले पाखे, खिडक्यांवरची सावली, छतावरचा उष्णतारोधक थर यांत फरक. खरी कुटुंबं तिथे राहायला गेली आणि त्यांच्या विजेची, तापमानाची, सोयी-गैरसोयीची मोजणी झाली. मध्यमवर्गाला परवडणारा एसी शक्य आहे हे दाखवायचं होतं, म्हणजे हेतू विक्रीचाच. पण परवडायचं तर यंत्र लहान हवं, आणि यंत्र लहान हवं तर घर नीट हवं, या कोंडीत विकणाऱ्यांनाच ट्यूडरचा क्रम पुन्हा आठवावा लागला. आज अमेरिकेत खोलीगणिक भार मोजायची 'मॅन्युअल जे' नावाची रीतसर पद्धत आहे. पुष्कळ कंत्राटदार ती बाजूला ठेवून '४०० चौरस फुटांना एक टन' असा अंगठेबहाद्दर नियम वापरतात, ही वेगळी गोष्ट.

आपला अंगठा त्याहून उदार. शंभर-एकशेवीस चौरस फुटांना एक टन, पुढे दीड.

मी आमच्या खोलीचा कच्चा हिशेब मांडून पाहिला. बाहेर ३४ अंश, आत २५ धरले. चौथा मजला, वर-खाली लोकांची घरं, एकच बाहेरची भिंत, खिडकी उत्तरेला. भिंत, खिडकी आणि शेजारच्या खोल्यांतून मिळून साधारण ७०० वॉट. दोन माणसांचे २३०. ट्यूबलाइट आणि पंखा १००. फटींतून येणारी हवा, तिच्या ओलीसकट, ३५०. बेरीज चौदाशे वॉटच्या आत, म्हणजे ०.४ टन! आणि त्यातला चौथा हिस्सा निव्वळ पाण्याचा, रात्री उन्हं गेल्यावर तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दीड टनाचं यंत्र गरजेच्या जवळजवळ चौपट होतं. तासातली पंधरा-सोळा मिनिटं चाललं की त्याचं काम संपत होतं.

तीच दहा बाय बाराची खोली त्याच इमारतीच्या सातव्या मजल्यावर नेऊ. आता डोक्यावर उघडी स्लॅब, जी दिवसभर तापते आणि सूर्य मावळल्यावरही तासन् तास उष्णता खाली सोडत राहते: साधारण ८०० वॉट. खिडकी पश्चिमेला, नुसती काच: आणखी ८००. दोन भिंती उन्हात. बेरीज २९०० वॉटच्या आसपास, म्हणजे ०.८ टन. 'किती बाय किती'चं उत्तर दोन्हीकडे एकच, गरज मात्र दुपटीहून जास्त वेगळी. आणि वरच्या खोलीलाही दीड टन लागत नाहीच. त्या खिडकीवर बाहेरून बांबूची चिक सोडली आणि गच्चीला पांढरा चुना फासला, तर हजारेक वॉट खोलीत येणारच नाहीत. बाहेरून, हे महत्त्वाचं; पडदा आतून लावला तर ऊन आधीच काच ओलांडून आलेलं असतं. कोकणातल्या घरांत कौलं आणि खोली यांच्या मध्ये माळा असायचा, तो काही फक्त नारळ-सुपाऱ्या ठेवायला नव्हता.

इन्व्हर्टर एसीने हे दुखणं हलकं केलं आहे हे मान्य करायला हवं. तो गरजेप्रमाणे हळू चालतो. पण हळू चालण्यालाही तळ असतो, आणि चौपट मोठं यंत्र त्या तळालाही गरजेहून मोठंच ठरू शकतं. नागपूरकरांनी हे सगळं वाचून हसायला हरकत नाही. तिथल्या कोरड्या मे महिन्यात कूलर हवेत पाणी घालून खोली थंड करतो आणि तेच बरोबर आहे. आमच्याकडे कूलर लावला तर बुरशी कपाटापुरती थांबणार नाही.

हिशेबाचा कागद मी बाबांना दाखवला. ते म्हणाले, "आता परत थोडीच घेणार आहेत?" नव्हतेच घेणार. दुकानदारावर रागवायलाही मला जमेना. कमी पडलं तर आम्ही त्याच्या दारात भांडायला गेलो असतो. जास्त झाल्याबद्दल भांडायला कोण जातं?

मग आईने विचारलं, "हॉलला किती लागतो?"

हॉल दहा बाय अठरा. पश्चिमेला बाल्कनीचं काचेचं दार, स्वयंपाकघर दार नसलेलं, संध्याकाळी आम्ही पाचजण आणि टीव्ही. मी त्याच कागदाच्या मागे मांडलं. चार हजार वॉटच्या वर गेलं, सव्वा टनाच्या आसपास.

पुढच्या रविवारी माणूस बोलावून एसी हॉलमध्ये हलवला. हलवण्याचे, तांब्याच्या नळीचे आणि गॅसचे मिळून जे पैसे गेले त्यावर बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. आजोबांची खाट आम्ही चौघांनी उचलून दिवाणाच्या जागी ठेवली. आता यंत्र तासभर सलग चालायचं, खालच्या बादलीत पाणी पडायचा आवाज यायचा. घड्याळ २६ अंश आणि ५६ टक्के दाखवत होतं, आधीच्यापेक्षा तीन अंश जास्त.

आजोबांनी चादर पायांपर्यंत सरकवली आणि टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला.